व्हानुआतूत दोन वर्षं राहायला जातोय: वादळ, भूकंप, ज्वालामुखी यांची तयारी कशी करावी?

कवडसा

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीपासून दोन वर्षांसाठी मला प्रशांत महासागरातल्या व्हानुआतू या बेटांच्या देशात, तान्ना बेटावर, लेनाकेलजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवायला बोलावलंय. सोबत नवरा आणि सात वर्षांची लेक. होकार कळवला त्या रात्री घरात नुसता आनंद होता. दुसऱ्या दिवशी देशाबद्दल वाचायला बसले आणि झोपच उडाली. चक्रीवादळं, भूकंप, त्सुनामी, आणि त्याच बेटावर जागा ज्वालामुखी! जागतिक जोखीम निर्देशांकात हा देश कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर होता. सासूबाई एकच वाक्य बोलल्या, "तुम्ही दोघं जा, पोरीला इथे ठेवा." त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं.

सरकारी माहितीपत्रकं वाचली आहेत. मला तिथे राहिलेल्या माणसाकडून ऐकायचंय. इशारा घरापर्यंत कसा पोचतो? मोबाइल बंद पडला तर? वादळात जायचं कुठे? आणि खरं सांगा, लेकीला नेणं चूक आहे का?

टाकीवाला

कवडसाताई, मी २०१३ ते २०१८ तिथे होतो. काम पाणीपुरवठ्याचं. छपराचं पाणी टाकीत घ्यायचं, डोंगरातल्या झऱ्यापासून गावापर्यंत नळी ओढायची. तान्नावरची बरीच गावं त्या निमित्ताने पायाखालून गेली.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लेकीला न्या. बाकीचं आता सविस्तर लिहितो, कारण हे मी इतक्या वर्षांत कुणाला धड सांगितलेलं नाही.

राजधानी पोर्ट व्हिलात मी भाड्याने राहायचो. घरमालकीण साठीच्या पुढची, सगळे तिला बुबू म्हणत. बिस्लामा भाषेत आजीही बुबू आणि आजोबाही बुबू. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक नकाशा चिकटवलेला होता, वादळाचा माग काढायचा. तिथल्या हवामान खात्याने छापलेला. त्यावर उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन, एका बाजूला अक्षरं, दुसऱ्या बाजूला आकडे. रेडिओ व्हानुआतूवर वादळाचं केंद्र कुठल्या चौकोनात आहे ते सांगतात आणि घरातलं कुणीतरी तिथे पेन्सिलीने फुली मारतं. अक्षांश-रेखांश कळण्याची गरजच नाही. 'पाम' वादळाच्या त्या आठवड्यात बुबूची नात फुल्या मारत होती. ती तुमच्या लेकीपेक्षा जेमतेम वर्षभराने मोठी असेल. गुरुवारी फुल्यांची ओळ आमच्या एफाते बेटाकडे सरकलेली पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. उपग्रहाची चित्रं चार दिवस बघत होतो, त्यांनी तसं काही झालं नव्हतं.

शुक्रवारी, १३ मार्च २०१५ ला, सकाळी बुबू कोयता घेऊन परसात गेली. केळीची मोठी पानं छाटली. मॅनिऑकची, म्हणजे साबुदाणा ज्याचा करतात त्या कंदाची, खोडं गुडघ्याएवढी ठेवून कापून टाकली. हाती येत असलेलं पीक ही बाई का नासवतेय, ते मला कळेना. तिने एक खोड धरून गदागदा हलवून दाखवलं. वारा खोड हलवतो, मुळं सुटतात आणि कंद जमिनीतच कुजतो. खोडच ठेवलं नाही तर वाऱ्याला धरायला काही उरत नाही.

रंगांचे इशारे पाठ करून जा. निळा लागला की तयारीला लागायचं: पाणी भरा, पत्रे-खिडक्या पक्क्या करा, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधा. पिवळा लागला की निवाऱ्याच्या जागी पोचायचं. लाल लागल्यावर दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि वारा थांबला म्हणूनही नाही. वादळाचा डोळा वरून जात असेल तर मधेच सगळं चिडीचूप होतं आणि मग वारा उलट्या बाजूने येतो. त्या शांततेत छप्पर बघायला बाहेर पडलेली माणसं उडत्या पत्र्याने कापली जातात. 'आता धोका टळला' असं आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाने रेडिओवर सांगेपर्यंत आतच राहायचं.

त्या रात्री आम्ही सहा जण न्हाणीघरात होतो. घरातली तेवढीच खोली चारी बाजूंनी काँक्रीटची. दाराला गादी लावली आणि मी आणि बुबूचा जावई आळीपाळीने पाठ देऊन बसलो. कानात दडे बसत होते. आवाज वाऱ्याचा वाटतच नव्हता, जड यंत्र छपरावरून फरफटत न्यावं तसा घरघराट होता, आणि तो तासन् तास संपला नाही. नातीने एकदाच विचारलं, "आता कुठल्या चौकोनात असेल?" कुणाकडेच उत्तर नव्हतं, रेडिओ केव्हाच मुका झाला होता.

सकाळी दार उघडलं तर समोर एक टेकडी. मी दीड वर्ष तिथे राहत होतो आणि ती टेकडी मला कधी दिसली नव्हती, इतकी झाडी होती मधे. आता झाडांवर एक पान नव्हतं. सगळं करपल्यासारखं तपकिरी.

देशाचे राष्ट्रपती बाल्डविन लॉन्सडेल त्या दिवशी जपानमध्ये सेंदाई शहरात होते. संयुक्त राष्ट्रांची आपत्ती-जोखीम कमी करण्यावरची जागतिक परिषद तिथे भरत होती. स्वतःच्या देशाची ही अवस्था त्यांना तिथेच कळली. सुमारे १७ हजार इमारतींचं नुकसान झालं, ६५ हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली. लोकसंख्या तेव्हा तीन लाखही नव्हती. नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ६४ टक्के. आणि मृत्यू? अकराच्या आसपास. एकेक जीव मोलाचाच, पण पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं वादळ थेट अंगावर येऊनही आकडा एवढ्यावर राहिला, तो का राहिला हे मला तान्नाला गेल्यावर कळलं.

तान्नावर निमालतान नावाचं जुन्या पद्धतीचं घर असतं. भिंती जवळजवळ नसतातच, छपराचे वासे थेट जमिनीपर्यंत उतरलेले. खिळा एकही नाही, सगळं वेलींनी बांधलेलं, वर पानांचं आणि रानबोरूचं शाकार. वाऱ्याला अडायला उभी बाजूच मिळत नाही, तो वरून घसरून जातो. एका गावात मला चाळीसेक माणसं रात्रभर ज्यात बसली होती ते निमालतान दाखवलं. बाजूची पत्र्याची घरं गेली होती. पत्रे अर्ध्या कोसावर झाडांना गुंडाळलेले सापडत होते.

तिथेच मला माझ्या कामातली एक अडचण अशी दिसली की ती आजवर सुटलेली नाही. पानांच्या छपरावरून प्यायचं पाणी गोळा करता येत नाही. त्याला पत्रा लागतो. मीच दोन वर्षं गावोगाव सांगत होतो की पत्र्याचं छप्पर करा, पन्हळ लावा, टाकी बसवा. पाण्यासाठी पत्रा हवा आणि जिवासाठी पानं हवीत. यावर गावातल्या वडीलधाऱ्यांनी काढलेला मार्ग मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो: राहायला आणि पाण्याला पत्रा, वादळाला निमालतान. दोन्ही राखायचं.

आता तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. तुमची शाळा बहुधा निवाऱ्याची जागा असेल. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारा, चावी कुणाकडे असते? एका गावात मी पाहिलंय. चांगली पक्की शाळा, दाराला कुलूप आणि चावी ज्याच्याकडे होती तो दुसऱ्या बेटावर. पिवळा इशारा लागलेला, बाया पोरांना घेऊन व्हरांड्यात उभ्या. शेवटी कडी तोडली. चाव्या दोन हव्यात, आणि दुसरी कुणाकडे आहे हे बायकांना माहीत हवं.

भूपट्ट

वर वादळांबद्दल उत्तम लिहिलंय. मी जमिनीबद्दल लिहितो, कारण भूकंपाला निळा-पिवळा इशारा नसतो. माझा विषय भूविज्ञान. तान्नाला दोनदा गेलोय, दोन्ही वेळा यासूर ज्वालामुखीसाठी.

व्हानुआतूच्या पश्चिमेला समुद्रतळाशी ऑस्ट्रेलियन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा, देशाच्या खाली सरकतोय. भूकंप आणि ज्वालामुखी दोन्ही त्याचीच देणगी. भूकंप जवळचा असेल तर त्सुनामी काही मिनिटांत किनाऱ्यावर येते. पोर्ट व्हिला आणि सांतो बेटावरचं लुगानव्हिल या शहरांत भोंगे आहेत, पण भोंग्याची वाट बघायची नाही. किनाऱ्याजवळ असताना उभं राहता येणार नाही इतका जोराचा किंवा बराच वेळ रेंगाळणारा धक्का बसला, तर तोच इशारा. मुलीचा हात धरायचा आणि उंचावर जायचं. चपला शोधायच्या नाहीत.

१९९९ च्या नोव्हेंबरमध्ये पेंतेकोस्त बेटाजवळ ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला, रात्रीचा. दक्षिण टोकाला बे मार्तेल्ली नावाचं गाव आहे, ते लाटेने जवळजवळ पुसून टाकलं. माणसं मात्र थोडी सोडता सगळी वाचली. त्याच्या थोडेच दिवस आधी गावात एक चित्रफीत दाखवली होती, १९९८ साली पापुआ न्यू गिनीत आलेल्या त्सुनामीवरची. त्यामुळे धक्क्यानंतर समुद्र मागे हटतोय हे कळताच गाव टेकडीवर पळालं. एक चित्रफीत! तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. तुमच्या वर्गातली तीस मुलं म्हणजे तीस घरं.

अलीकडचा भूकंप १७ डिसेंबर २०२४ चा. दुपारी पाऊण वाजता, ७.३ तीव्रतेचा, पोर्ट व्हिलाच्या अगदी जवळ. शहरातल्या काही काँक्रीटच्या इमारतींचे खालचे मजले चेपले गेले, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दरड आली, चौदा जण गेले. प्रवासी विमानं काही दिवस बंद होती. यातून घर निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्या. वादळाला चांगलं ते भूकंपाला चांगलं असेलच असं नाही. न्हाणीघराच्या ज्या काँक्रीटने टाकीवाल्यांना वाचवलं, तेच वाईट बांधलेलं असेल तर भूकंपात जीव घेतं. लाकडी, बुटकं, छपराला पोलादी पट्ट्या मारलेलं घर मिळालं तर तेच घ्या.

यासूरची भीती बाळगू नका, पण त्याचा मान ठेवा. ज्वालामुखींसाठी शून्य ते पाच अशी इशाऱ्याची पातळी आहे. यासूर बराच काळ दोनवर असतो, म्हणजे विवराजवळचा भाग धोक्याचा. तो पूर्वेला, तुम्ही पश्चिमेला. तुमच्यापर्यंत आली तर राख येईल.

आणि एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण आपत्तीत माणसं वाचली म्हणजे सगळं झालं असं आपण समजतो. आंबे बेटावरचा मानारो ज्वालामुखी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये चौथ्या पातळीवर गेला आणि सरकारने अख्खं बेट रिकामं केलं. सुमारे ११ हजार माणसं, बोटींनी, काही दिवसांत. कुणी दगावलं नाही, अशा कामाला जगात तोड नाही. पण माणसं परतली आणि २०१८ मध्ये राखेने पुन्हा बेट सोडावं लागलं. डुकरं मागे राहिली. तिथे डुक्कर म्हणजे लग्नातला मान, भांडणाचा समेट, माणसाची पत. देशाच्या झेंड्यावर डुकराचा सुळा आहे तो उगाच नाही. बागा राखेखाली गेल्या. लोक सांतो बेटावर दुसऱ्यांच्या जमिनीवर तंबूत, आणि तिथे जमीन म्हणजे पूर्वज. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "इथे मेलो तर मला कुठे पुरणार?" भूविज्ञानाच्या कुठल्याच तक्त्यात या प्रश्नाला रकाना नाही.

रातपाळी

मी परिचारिका आहे. २०१९ ते २०२१ लुगानव्हिलमध्ये होते.

टाकीवाले दादा, निमालतानबद्दल वाचताना डोळे भरून आले, पण एक सांगते. नवीन माणसाने असं धरून चालू नये की गावात ते असेलच. ते बांधणारे हात म्हातारे झालेत आणि शहराजवळच्या वस्त्यांत तर फळकुटं आणि पत्रेच आहेत. कवडसाताईंनी तिथे गेल्यावर डोळ्यांनी पाहून खात्री करावी.

'हॅरॉल्ड' वादळ ६ एप्रिल २०२० ला सांतोवर आलं. पाचवी श्रेणी. कोविडमुळे देशाच्या सीमा बंद, देशात तेव्हा एकही रुग्ण नव्हता आणि तो येऊ द्यायचा नव्हता. म्हणून बाहेरून मदतीला एकही माणूस आला नाही. सामान आलं, पण ते निर्जंतुक करून काही दिवस वेगळं ठेवून मगच वाटायचं. पहिले दिवस जे झालं ते गावांनी, चर्चच्या मंडळींनी, गावप्रमुखांनी आणि तिथल्या रेड क्रॉसच्या स्वयंसेवकांनी केलं. पामच्या वेळी बाहेरची माणसं इतकी आली होती की स्थानिकांना बैठकीत बोलायला जागा उरली नाही, असं मला तिथल्या सहकाऱ्यांनी सांगितलं होतं. हॅरॉल्डमध्ये निर्णय त्यांचे होते. साधनं कमी होती, हाल झाले, पण कुठल्या पाड्यात कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचे दिवस भरत आलेत, हे त्यांना यादीशिवाय माहीत होतं.

निवाऱ्याच्या शाळेत मी पाच रात्री काढल्या. जे हवं होतं ते सांगते: बायकांसाठी वेगळा संडास आणि त्याच्या वाटेवर दिवा. बस, एवढं नव्हतं म्हणून बाया संध्याकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत, आणि मग लघवीला जळजळ, ताप घेऊन माझ्याकडे. शाळेत तुमचा शब्द चालेल तेव्हा हे आधी करून घ्या. सौरदिवा एक पुरतो.

गावात आपत्ती आणि हवामानबदल समिती असते. तिच्या बैठकीला जाऊन नुसतं बसा. भाषा कळली नाही तरी चालेल, तुमचा चेहरा कळला पाहिजे.

आणि थांबायची तयारी ठेवा. २०२३ च्या मार्चमध्ये 'जूडी' आणि 'केव्हिन' ही दोन वादळं तीन दिवसांच्या आत आली, मधे ६.५ चा भूकंप. माझ्या मैत्रिणीने पहिल्या वादळानंतर छप्पर परत बसवलं होतं, ते दुसऱ्यात गेलं. ती फोनवर रडली नाही. म्हणाली, खिळे सापडतायत तेवढे गोळा करतेय.

कवडसा

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही. सासूबाईंना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. चावीच्या गोष्टीवर त्या उठून आत गेल्या, आणि थोड्या वेळाने येऊन विचारलं, "पण वादळानंतर खातात काय?" मलाही तेच विचारायचंय. बाहेरचं जग विसरल्यावर काय होतं?

टाकीवाला

सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांनी नेमकं विचारलंय.

पामनंतर पहिले काही आठवडे तांदूळ, डबे, बिस्किटं आली. त्यासोबत नको ते इतकं आलं की कंटेनर महिनोन् महिने बंदरात पडून राहिले, त्यातलं अन्न मुदत संपून वाया गेलं, आणि गोदामभाडं चढत राहिलं. देणाऱ्यांचं मन चांगलं होतं. पण पोर्ट व्हिलाच्या धक्क्यावर अडकलेलं सामान आणि तान्नाच्या डोंगरातली रिकामी चूल यांच्यात समुद्र होता.

बागेचा हिशेब वेगळा असतो. मोडलेलं मॅनिऑक लगेच खणून खावं लागतं, नाहीतर सडतं. केळी गेलीच. अळकुड्या आणि कोनफळं जमिनीत तग धरतात, तीच आधाराला. रानातली कोनफळं कुठे असतात हे फक्त म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, तरुण पोरं त्यांच्या मागे जाऊन शिकली. पूर्वी कच्चा नीरफणस आणि केळी पानांत गुंडाळून खड्ड्यात आंबवून ठेवायचे. बुबूला ते येत होतं. पुढची लागवड करावी तर त्या वर्षी एल निनोने पाऊस पळवला. सर्वांत वाईट दिवस वादळाचे नव्हते. ते सहा-सात महिन्यांनी आले, छायाचित्रकार गेल्यावर, टाक्यांत बोटभर पाणी उरलं तेव्हा. मी तेव्हा मोजपट्टी घेऊन टाक्या मोजत हिंडायचो. एका घरी आईने मोजपट्टीकडे न बघताच सांगितलं, "नऊ दिवस." बरोबर होतं.

म्हणून तुमच्यासाठी: घराजवळ थोडी जागा मागून घ्या, कुणीही देईल, आणि कोनफळ लावा. शिकवायला शेजारीण येईल, ओळख त्यातूनच होईल. टाकीचं तोंड झाकलेलं हवं. राख पडायला लागली की पन्हळीची नळी टाकीपासून सोडवा आणि छप्पर धुऊन निघेपर्यंत जोडू नका. राखेतल्या फ्लोराइडने मुलांचे दात खराब होतात. हात फिरवून चालणारा रेडिओ न्या, वीज गेली की नोटा काढायचं यंत्र बंद पडतं म्हणून थोडे वातू, म्हणजे तिथलं चलन, घरात रोख ठेवा. मुलीची नेहमीची औषधं दोन महिन्यांची.

नकाशा पोर्ट व्हिलात उतरल्यावर हवामान खात्यातून मागून घ्या. दोन घ्या. एक घरी आणि एक वर्गात, मुलांचा हात पोचेल इतका खाली लावा. पेन्सिल दोरीने बांधून ठेवा, नाहीतर ती हमखास हरवते.